लाइव्हवाला

पहाटे ४.१०

नांदेडचं बसस्थानक. फलाटावर तीन बॅगा, एक ट्रायपॉड, एक दफ्तर. दफ्तरात लॅपटॉप. तो एकेका नगावर हात ठेवून मोजतो. पाच. गाडीत चढताना पुन्हा मोजणार, उतरताना पुन्हा. सोबत भाचा आहे, यंदा बारावी झालेला. दोन छत्र्या आणि घडी घातलेलं मेणकापड भाच्याच्या काखेत.

याला मैदानावर कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे लाइव्हवाला म्हणतात. "लाइव्हवाले आले का?" "लाइव्हवाल्यांना चहा द्या." तरोडा नाक्याला त्याचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. धंदा लग्नाचा. पण सप्टेंबर संपत आलाय आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची लग्नं नाहीत. कॅमेऱ्याचा हप्ता मात्र दर महिन्याच्या सात तारखेला जातो, चार हजार दोनशे. या रिकाम्या महिन्यांतच कॉलेजांच्या स्पर्धा येतात. कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल. आज बास्केटबॉल, मुलींचा, लातूरला.

पहाटे ४.३०

गाडी निघते. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. दीडशेला थोडे कमी किलोमीटर. याच गाडीत नांदेडच्या एका कॉलेजचा मुलींचा संघ आहे. पिवळे ट्रॅकसूट, बारा जणी, एक सर, एक मॅडम. कंडक्टर तिकिटं फाडतो. मुलींना अर्धं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं झालं, आणि ही सवलत खेळाच्या खर्चात किती मोठी आहे ते सरांनी मला बोटांवर मोजून दाखवलं. वाचलेल्या पैशात यंदा सगळ्यांना नवे मोजे आले. पायाला फोड आला की खेळाडू गेली, म्हणून मोजे.

लाइव्हवाल्याचं आणि भाच्याचं जाऊन-येऊन हजाराच्या आसपास जाणार. त्यांना सवलत नाही.

पहाटे ५.४०

माळेगाव मागे पडलं. अंधारात काही दिसत नाही, पण तो बोट दाखवतो. खंडोबाच्या यात्रेत इथली कुस्त्यांची दंगल त्यानं लाइव्ह केली होती. "तिथं माणूस एवढा असतो की टावरच बसतंय," तो म्हणतो. टॉवर बसणं म्हणजे फोनचं नेट मरणं. हा त्याचा रोजचा शत्रू. दिवसभर मी हा शब्द ऐकणार आहे.

मोबाइलवर तो विद्यापीठाचं क्रीडा वेळापत्रक उघडतो. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या दिवशी सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांची कॉलेजं त्यात. दरवर्षी एकेक खेळ एकेका कॉलेजला वाटून दिला जातो. झोनचे सामने आधी, मग इंटरझोनल. त्यातून विद्यापीठाचा संघ निवडायचा, तो पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाणार, राज्यपातळीवर अश्वमेध क्रीडा महोत्सवाला जाणार. संघात आलेली मुलगी कलरहोल्डर होते. वर्षानुवर्षं ओळख तीच राहते, "ती का, कलरहोल्डर होती बास्केटबॉलची."

हे वेळापत्रक पाऊस, परीक्षा आणि रास या तिघांमधून वाट काढत तयार होतं. लवकर घ्यावं तर मैदान ओलं. उशीर करावा तर सेमिस्टरची परीक्षा. मधल्या दिवसांत सोयाबीनची काढणी, तेव्हा अर्धी पोरं शेतात. लाइव्हवाल्यानं प्रत्येक तारखेपुढं स्वतःची खूण केलीय. टिकली म्हणजे फोन करून झाला. गोल म्हणजे काम मिळालं. आठ टिकल्या, तीन गोल.

सकाळी ६.१५

उजाडतंय. अहमदपूर यायच्या थोडं आधी एक फाटा लागतो. खिडकीजवळची मुलगी शेजारणीला कोपरानं ढोसते. "ते बघ, आमचा फाटा." फाट्यावर एक बंद टपरी आणि दुधाचे दोन कॅन. गाडी थांबत नाही. मुलीच्या पाठीवर सात आकडा आहे.

सकाळी ८.०५

लातूर. रिक्षावाला बॅगा बघून दोनशे म्हणतो, दीडशेवर येतो. कॉलेजच्या फाटकातून आत गेलं की उजव्या हाताला मैदान. सिमेंटचं कोर्ट, उघडं, दोन लोखंडी खांब, दोन बोर्ड. मैदानाचे मामा कोर्टावर गुडघे टेकून बसलेत. कॉलेजात शिपायाला मामा म्हणायची पद्धत आहे, पण इथं ती नुसती पद्धत नाही. एकतीस वर्षं ते हेच मैदान आखतायत.

पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा, दोन इंची ब्रश, टेप, दोरी. खोखो-कबड्डीचं मैदान असतं तर फक्कीवर भागलं असतं. सिमेंटवर फक्की टिकत नाही, बुटानं उडते, पोरी घसरतात. म्हणून रंग. कोर्ट अठ्ठावीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. रेघ पाच सेंटिमीटर. मध्यवर्तुळाची त्रिज्या एक मीटर ऐंशी. मामांना आकडे तोंडपाठ आहेत. थ्री पॉइंटची कमान बास्केटखालच्या बिंदूपासून सहा मीटर पंचाहत्तर. ती आधी सव्वासहा मीटर होती, २०१० साली सरकली. "तवा सगळं खरवडून परत काढलं," मामा म्हणतात. "जुनी रेघ अजून दिसतीय बघा पावसात." दोरीच्या एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला खडू. खिळा भाच्याला धरायला लावतात. भाचा आला त्या मिनिटाला कामाला लागला.

रिंगची उंची मामा सगळ्यात शेवटी मोजतात. तीन मीटर पाच सेंटिमीटर. बांबूला तेवढ्यावर खूण केलेली आहे. मग शिडी लावून नव्या जाळ्या बांधतात. एरवी जाळ्या कपाटात असतात. उन्हात महिनाभर राहिल्या तर सुतळीसारख्या तुटतात.

सकाळी ९.००

लाइव्हवाला कोर्टाभोवती एक चक्कर मारतो, हात कपाळावर धरून. बोर्ड उत्तर-दक्षिण आहेत. सकाळचं ऊन पूर्वेकडून. म्हणजे कॅमेरा पूर्वेला, सूर्य पाठीशी. दुपारनंतर पश्चिमेला न्यावा लागेल. मोठ्या चॅनलवर असं करत नाहीत. कॅमेऱ्यानं बाजू बदलली की बघणाऱ्याचं डावं-उजवं उलटं होतं, कोण कुठल्या बास्केटवर खेळतंय ते कळेनासं होतं. त्यांच्याकडं छताखालचं मैदान असतं आणि दहा कॅमेरे. याच्याकडं एक.

वर्गातून तीन बाक येतात. दोन खाली, एक वर, त्यावर ट्रायपॉड. पायांना चिकटपट्टी. कॅमेरा उंच हवा, नाहीतर पंचाची पाठच दिसते.

मग नेट. कॉलेजच्या ऑफिसात ब्रॉडबँड आहे. त्याचं लॅनचं गुंडाळं नव्वद मीटरचं. शंभरच्या पुढं लॅन चालत नाही, म्हणून त्याहून मोठं घेतलंच नाही. खिडकीतून वायर बाहेर, भिंतीच्या कडेनं, झाडाला एक गाठ. पूर्वेच्या बाकापर्यंत बरोबर पोचते. चार हात शिल्लक. तो लॅपटॉपवर वेग बघतो आणि पहिल्यांदा हसतो.

ऑफिस नसतं तेव्हा दोन सिम. चित्र बरं दिसायला सेकंदाला अडीच मेगाबिट वर जायला हवेत. म्हणजे तासाला एक-सव्वा जीबी. आठ तासांचे नऊ-दहा. रोजच्या दोन जीबीच्या रिचार्जवर ते होत नाही, वेगळं पॅक मारावं लागतं, आणि ते कॉलेज बिलात धरत नाही.

सकाळी १०.२०

लाल ठिपका. लाइव्ह सुरू. उद्घाटन, पाहुणे, पुष्पगुच्छ. बघणारे अकरा. त्यातला एक भाचाच आहे, दुसऱ्या फोनवर, चित्र नीट जातंय का बघायला.

सकाळी ११.००

पहिला उपांत्य सामना. आज चार संघ. दहा-दहा मिनिटांचे चार डाव. पंच मुलींचा चेंडू तपासतो, सहा नंबरचा. पुरुषांचा सात नंबरचा, थोडा मोठा. मामांनी सकाळीच पंपानं हवा भरून ठेवलीय.

शिट्टी. चेंडू वर. आणि लाइव्हवाल्याचं बोलणं बंद होतं.

हे काम मी जवळून बघितलं नव्हतं. कॅमेऱ्यामागचा माणूस चेंडू बघत नाही, चेंडू पुढं कुठं जाणार ते बघतो. खेळाडूच्या खांद्यावरून त्याला पास कळतो. उजवा हात ट्रायपॉडच्या दांड्यावर, डावा झूमवर. दहा मिनिटं मानेला हालचाल नाही. तो कधी बास्केटबॉल खेळला नाही. लग्नात नवरीचा हार कुठल्या क्षणी उचलला जाणार हे जसं कळतं, तसंच हेही कळतं, म्हणाला. भाचा लॅपटॉपवर गुण चढवतो. आतून दोन, कमानीबाहेरून तीन, फ्री थ्रोचा एक. चुकला की खालून लगेच कुणीतरी लिहितं, "स्कोर चुकीचा आहे." बघणारे आता सत्तर.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत मीही दोन वर्षं या खेळात होतो. तेव्हा आकडे चार ते पंधरा एवढेच मिळायचे, नियमच तसा होता. एक ते तीन आकडे बोटांच्या खुणांसाठी पंचांकडं राखलेले. २०१४ नंतर शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत मोकळं झालं. आमच्या एकाही सामन्याचं चित्र कुठं नाही. गुणपत्रिकेचा पिवळा कागद होता, तोही गेला. म्हणून या बाकांवरच्या बाकाकडं मी दिवसभर बघत राहिलो.

दुपारी १२.३५

दुसरा उपांत्य. पिवळा संघ कोर्टावर. मध्यंतरात माइकवाला पोरगा हिंदी गाणं लावतो. लाइव्हवाला कॅमेरा सोडून धावतच जातो. "बंद कर बाबा, बंद कर. कॉपीराइट येतंय." गाणं लाइव्हमध्ये ऐकू गेलं तर यूट्यूब थांबवू शकतं. गेल्या वर्षी कबड्डीत ऐन शेवटच्या चढाईला थांबवलं होतं. पोरगा ओशाळतो. गाण्याऐवजी हलगीवाल्या मुलाला बोलावतात. हलगीला कॉपीराइट नाही. मैदान त्यावरच जास्त रंगतं.

मागच्या पायरीवर एक बाप मोबाइल धरून बसलाय. समोर मैदान, हातात तेच मैदान. आधी आरडाओरडा ऐकू येतो, वीसेक सेकंदांनी फोनमध्ये चेंडू जाळीत जातो. तो दोन्ही वेळेला टाळ्या वाजवतो.

पिवळा संघ जिंकला. पंचेचाळीस–एकतीस.

दुपारी १.४५

जेवण. पुरी, वरण, भात, वांग्याची भाजी. आधी मुली, मग पंच, मग हे दोघं. मामा सगळ्यांत शेवटी. तोवर ते कोर्टावरची केळ्याची सालं उचलतात.

जेवताना भाचा फोनवर अमेरिकेतल्या कॉलेजांचे सामने दाखवतो. तिकडं कॉलेजांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. मार्च आला की बहुतेक कॉन्फरन्सची स्पर्धा ठरलेल्या शहरात, आणि टीव्हीवर. बिग ईस्ट नावाच्या कॉन्फरन्सची पुरुषांची तर १९८३ पासून दरवर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच. विजेते तिथून राष्ट्रीय स्पर्धेत. लोक वर्षभर आधी तारीख धरून ठेवतात. म्हणजे झोनल आणि इंटरझोनलच की, मामा म्हणतात. बरोबर आहे. रचना तीच आहे. भाचा कॅमेरे मोजतो, बाराव्यावर सोडून देतो.

दुपारी २.२०

ऊन फिरलं. बाक पश्चिमेला. आता वायर पुरत नाही. चौदा-पंधरा मीटर कमी पडते. लाइव्हवाला झाडाची गाठ सोडून बघतो, भिंतीऐवजी सरळ ओढून बघतो. नाही. दोन सिम बाहेर येतात. इथून पुढं टावरवर.

दुपारी २.५०

तिसऱ्या क्रमांकाचा सामना सुरू होऊन चारच मिनिटं झालीत. औशाच्या बाजूनं काळं आलंय. मोठे थेंब. त्याचा पहिला हात मेणकापडावर जातो. कॅमेरा, मग लॅपटॉप, मग भाचा. तो स्वतः भिजतो. लाइव्ह बंद करत नाही. बंद केलं की माणसं जातात, परत येत नाहीत. भाचा मेणकापडाखाली बसून पडद्यावर ओळ टाकतो, "पावसामुळे सामना थांबला आहे."

त्या एका ओळीकडं बघत छप्पन माणसं थांबलीत.

दुपारी ३.२०

पाऊस गेला. कोर्टावर तळं. मामांनी गोणपाट काढलं, दोन वायपर, गादीचा फाटका फोम. कुणी न सांगता दोन्ही संघांच्या मुली उतरल्या. गोणपाट पसरायचं, पायानं दाबत न्यायचं, कडेला पिळायचं. पाणी गढूळ पिवळं. ओल्या सिमेंटवर जुनी सव्वासहा मीटरची कमान खरंच वर आलीय, पुसट, नव्या कमानीच्या आत. मामा फ्री थ्रोच्या रेघेवर पालथा हात ठेवून बघतात. सुकलं का ते त्यांच्या हाताला कळतं. पंच त्यांच्याकडं बघतो. मामा मान हलवतात, अजून नाही.

खाली चॅटमध्ये एकानं लिहिलंय, "बनमीवर ताडपत्री टाकून आलो. सुरू झालं का?" बनमी म्हणजे काढलेल्या सोयाबीनचा ढीग.

सायंकाळी ४.२०

तिसऱ्या क्रमांकाचा सामना घाईत उरकला. आता अंतिम. पिवळा नांदेडचा, निळा लातूरचा. बघणारे दोनशे चौदा. मैदानावर तेवढेच, थोडे जास्त. सगळ्यांच्या हातात फोन, आणि टावर बसायला लागलंय. चित्र अडकतं. तो दुसरं सिम लावतो. दर्जा एक पायरी खाली आणतो. "धुरकट चालंल, थांबलेलं चालत नाही."

सायंकाळी ५.०५

त्याचा फोन वाजतो. चॅनलवर त्याचाच नंबर आहे. मोकळा हात नाही, म्हणून भाचा फोन त्याच्या कानाला लावतो.

"ओ दादा, त्यात माझं लेकरू कोणतं हो? सात नंबर म्हणली होती. पळालेत निस्ते सगळे, कळंना."

"मावशी, पिवळ्या कपड्यातली. केस वर बांधलेले. थांबा, दावतो."

पण दाखवता येत नाही. चेंडू सोडून कॅमेरा एका मुलीवर ठेवला तर बाकीचे दोनशे काय बघतील. हा त्याचा नियम आहे. तो चेंडूबरोबर राहतो. सात नंबर मध्येच येते, जाते. पाठमोरी, अर्धी, कुणाच्या आड. वीस मिनिटं तो संधी बघतोय, हे मला त्याच्या जबड्यावरून कळतं.

सायंकाळी ५.२५

चौथा डाव. छत्तीस–छत्तीस. सात नंबर आत घुसते, निळ्या मुलीचा हात लागतो, शिट्टी. दोन फ्री थ्रो.

फ्री थ्रो म्हणजे घड्याळ बंद, सगळ्या जणी जागेवर, चेंडू एकाच हातात. कॅमेऱ्याला चेहरा बघायची मुभा तेवढ्यात मिळते. त्याचा डावा हात झूमवर फिरतो. पडद्यावर पहिल्यांदा फक्त ती. कपाळावर चिकटलेले केस, गालावर गढूळ पाण्याचा डाग. ती चेंडू तीनदा आपटते. श्वास सोडते. पहिला रिंगवर फिरून बाहेर. दुसरा जाळीत. भाचा एक गुण चढवतो.

दोन्ही फेकींना मिळून अर्धं मिनिटही लागलं नसेल.

सायंकाळी ५.३५

निळा संघ जिंकला. एक्केचाळीस–अडतीस. पिवळ्या मुली कोर्टावरच बसल्या. मॅडम पाण्याची बाटली घेऊन एकेकीच्या डोक्यावर हात फिरवतात. बक्षीस समारंभ अर्ध्या तासात आटोपतो, कारण उजेड चाललाय. विद्यापीठाच्या संघाची यादी नंतर लागेल. निवड समितीचे सर वहीत काहीतरी लिहून वही बंद करतात. मुली वहीकडं बघतात.

सायंकाळी ६.३०

वायरी गुंडाळायचं काम चाळीस मिनिटांचं. तो कोपर आणि पंजा यांत आठच्या आकड्यात गुंडाळतो. गोल गुंडाळली की आत पीळ पडतो, तार तुटते. नव्वद मीटर. ओल्या वायरीवरून आधी फडकं.

पैसे सात हजार ठरलेत. तीन लगेच फोनवर आले, चार बिल निघाल्यावर. भाच्याचे पाचशे, गाडीचे हजार, रिक्षा दोन्ही वेळची तीनशे, नेटचं पॅक. तो वहीत लिहितो, बेरीज करत नाही. मामांना या दिवसाचं वेगळं काही नाही, पगारातच आलं. शिडी लावून ते जाळ्या सोडतात, झटकतात, घडी घालतात.

"रंग टिकला की मामा," लाइव्हवाला खालून म्हणतो.

"टिकल नाही तर काय. दिवसभर वाळला त्यो."

रात्री ९.१०

परतीची गाडी. चाकूर मागे गेलं. पिवळा संघ पुढच्या बाकांवर झोपलाय, एकमेकींच्या खांद्यावर. दिवे मालवलेत. लाइव्हवाल्याच्या तोंडावर फक्त फोनचा उजेड. दहा वीसला सुरू केलेलं लाइव्ह आता एकसलग व्हिडिओ होऊन चॅनलवर बसलंय. बारा तासांच्या आतलं असलं की आपोआप राहतं.

फोन थरथरतो. तो दबक्या आवाजात बोलतो.

"हो मावशी. दिसतंय की परत. जात नाही ते... नाही, हरल्या. तीननं... हां, तिचाच तोंडावरनं घेतलाय. किती लांब आहे म्हणजे? आठ तासांचं आहे ते सगळं. थांबा, तुमच्या पोराला द्या फोन."

पोराला समजत नाही. तो फोन ठेवतो, व्हिडिओ उघडतो, बोटानं पुढं सरकवतो. पाऊस, गोणपाट, मेणकापड. नेट येतं-जातं. पुढं, मागं, पुन्हा पुढं. अहमदपूर येतं, सात-आठ माणसं उतरतात, गाडी निघते. फाटा केव्हा मागं पडला ते त्याला कळलेलं नाही. सापडलं तेव्हा तो व्हिडिओखालच्या ओळीत जाऊन टाइप करतो. सात तास, पाच मिनिटं, वीस सेकंद. सात नंबर, फ्री थ्रो.